बॅटरी पाण्यासकट

शहराच्या महाल भागातल्या दुकानदारांनी कुसुमताई निमजेला पुष्कळ नावं ठेवली होती. 'बॅटरीवाली बाई' हे त्यातल्या त्यात सभ्य. बाकीची सगळी तिच्या एका हट्टापायी पडली होती. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी ती न्यायची, पण आतल्या पाण्यासकट. पाणी काढलेली बॅटरी फुकट दिली तरी ती हात लावायची नाही.

हे पाणी म्हणजे तेजाब, जाळणारं अ‍ॅसिड. बाजारात त्याला सगळे पाणीच म्हणतात आणि पाण्यासारखंच ओतून देतात. बॅटरी नालीवर उलटी केली की ती हलकी होते, उचलणाऱ्याचा त्रास वाचतो, भंगारवालाही खूश. तेजाबाबरोबर शिसं नालीत जातं आणि नालीतून नदीत, पण नदी काही तक्रार घेऊन दुकानात येत नाही.

कुसुमताई कोष्ट्याची पोर. सोळा वर्षांची होईतो बापाच्या मागावर बसली. पुढे नवऱ्याचे पॉवरलूम बंद पडले, तेव्हा तिने प्रताप नगरातल्या ऑफिसांमधून जुने यूपीएस उचलायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी तिनेही बॅटऱ्या नालीवर उलट्या केल्या. कोणी सांगितलंच नव्हतं. एक दिवस धुतलेलं लुगडं दोरीवर टाकताना बघते तो काय, सुती अंगाची चाळणी झालेली आणि रेशमी किनार धडधाकट! सूत असं तेजाबाच्या शिंतोड्यांनी मरतं हे शोधायला तिला वेळ लागला नाही. त्या दिवशी ती स्वतःवरच इतकी चिडली की जेवलीसुद्धा नाही. मग तिने परवान्यासाठी चपला झिजवल्या, तेजाबासकट बॅटऱ्या घेऊन रीतसर गाळणाऱ्या शहराबाहेरच्या एका कारखान्याशी बोलणी केली आणि पाण्याचा नियम घालून घेतला.

नियम सोपा होता, पाळणं अवघड. तिचा माल सलग दोन महिने कमी पडला. या शनिवारी दोन टन भरले नाहीत तर महाल दुसऱ्याला देऊ, असं कारखान्याने कळवलं. महाल गेला की तिचं निम्मं काम गेलं.

तिची सगळी भिस्त रामाजींच्या दुकानावर होती. सत्तरीचा म्हातारा, महालातला सगळ्यात जुना बॅटरीवाला. त्यांच्याकडे चाळीस मोठ्या बॅटऱ्या साचल्या होत्या. तेवढ्यात काम भागत होतं. मंगळवारी ती टेम्पो घेऊन पोचली, तर रामाजी दारातच हसत उभे.

"तुह्यं वझं हलकं केलं, पोरी! सकाळपासून एकट्यानं चाळीसच्या चाळीस खाली केल्या."

तिने एक बॅटरी उचलून पाहिली. खरंच हलकी होती. शिव्या देणाऱ्याला नाही म्हणता येतं; मायेनं घात करणाऱ्याला कसं म्हणायचं?

"काकाजी, मी ह्या नेत नाही."

"काहून?"

"पाण्यासकट पाह्यजे, सांगतलं होतं ना."

"चाळीस वर्षं झाले, हेच करून राहिलो. मले काई झालं? तू मले शिकवून राहिली का वं?"

रामाजींच्या अंगातल्या सुती बंडीला पोटापाशी भोकंच भोकं पडली होती. कुसुमताईची नजर तिथे खिळली.

"ह्या बंडीले काय झालं?"

"उंदीर! किती वर्षांपासून बायकोले सांगून राहिलो, कपडे नीट ठेवत जाय. आयकतच नाही."

कुसुमताई वाकली. शिवणीजवळ कापड पार नाहीसं झालं होतं आणि शिवणीचा दोरा तेवढा तारेसारखा ताणून उभा होता. "कापड खाल्लं अन् टेरीनचा दोरा सोडला? मोठा पथ्याचा उंदीर दिसते, काकाजी." तिने भोकाची कड चिमटीत धरली, तशी ती जळक्या पापडासारखी चुरली. "उंदराचं कुरतडलेलं असं भुगा होत नाही. हे तुमचं पाणी आहे."

शेजारचे दुकानदार फिदीफिदी हसले आणि तिथेच बिनसलं. रामाजी लालबुंद झाले. "नको नेऊ! भंगारवाले मोप आहेत."

टेम्पो रिकामा परतला. नवऱ्याने, अख्ख्या गल्लीने तिला वेड्यात काढलं. तिने डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि मे महिन्याच्या उन्हात निघाली. दवाखाने, झेरॉक्सवाले, ई-रिक्षावाले, घड्याळवाले, एकही पायरी सोडली नाही. कुठे दोन किलो मिळायचे, कुठे वीस. चार दिवसांत आवाज बसला, टाचा फुटल्या, पण ती थांबली नाही.

शनिवारी कारखान्याचा माणूस मोहित काटा घेऊन तिच्या दारात आला. अडीचशे किलो कमी भरले. तेवढ्यात गल्लीतून हातठेला आला आणि मागून रामाजींचा ओरडा, "सरळ धर बे, सांडशील!"

ठेल्यावर पाच बॅटऱ्या होत्या, पाचही भरलेल्या. "चार ह्या हप्त्यात आल्या. उलट्या नाही केल्या," रामाजी म्हणाले. "पाचवी माह्या घरची."

कुसुमताईने पाचव्या बॅटरीला मीटर लावलं. "ही तं चालू आहे, काकाजी."

"मंग? बायकोच म्हणाली, ने. तुह्यं वजन भरते ना!"

भरत होतं. चार बॅटऱ्या चढवूनही तीस किलो कमीच होते, आणि पाचवी एकटीच पंचावन्न किलोंची. मोहितने मान दुसरीकडे वळवली. त्याने काही पाहिलंच नसतं.

"मी मेलेला माल घेते," कुसुमताई म्हणाली. "काकूले पंखा लागते. घरी लावा. मोहितभाऊ, आहे तेवढंच लिहा."

मोहितने लिहिलं आणि मालकाला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, पाणी काढलेल्या किती?

"एकही नाही."

"महालातून? माल कमी पडूनही एकही नाही?"

"नाही, साहेब. सगळ्या पाहिल्या."

मोहितने फोन ठेवला. म्हणाला, "ताई, वजन थोडं कमी चालते म्हणे, पाणी काढलेलं नको. महाल तुमच्याकडेच. पुढच्या महिन्यात गाडी कधी पाठवायची, विचारून राहिले."

कुसुमताई तिथेच दाराच्या पायरीवर बसली आणि कोण बघतंय याची पर्वा न करता रडली.

"आता काहून रडतं वं?" रामाजी वैतागले. "माही पाचवी घेतली असती तं एवढा जीव टांगणीले लागला असता का?"

"ते घेतली असती तं काम राह्यलं असतं, काकाजी," ती नाक पुसत म्हणाली, "पण उद्यापासून कोणाले नाही म्हणायले तोंड नसतं राह्यलं."