अण्णांचा दगड पळसडोहला नेताना

आमच्या अमरावतीच्या घरात पलंगाखाली सहा वर्षं एक दगड पडून होता. काळा ग्रॅनाइट, दीड फूट लांब, अठरा किलो. घरातल्या प्रत्येकाने पायाची करंगळी त्याच्यावर एकदा तरी फोडून घेतलेली. तो माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कोरून घेतला होता. ‘एकहाती जंगल तोडून हे गाव वसवणारे मूळपुरुष आबाजी यांच्या स्मरणार्थ.’ आबाजी म्हणजे अण्णांचे पणजोबा आणि गाव म्हणजे राळेगावच्या पुढे रानाच्या कडेला असलेलं पळसडोह. दगड तयार झाला आणि बसवायला जायच्या आधीच अण्णा गेले.

दादा, माझा मोठा भाऊ, म्हणायचा, ‘पडू दे गं. तिथे आपलं आता कोण आहे?’ पण यंदा मला साठ पूर्ण झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि मी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. पळसडोहच्या सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, ‘गुरुवारी या बाई. त्या दिवशी सारं गाव घरीच रायते.’ गुरुवारीच का, हे मी विचारलं नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले, पण प्रश्न विचारायची सवय काही लागली नाही.

आबाजींची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दारव्ह्याकडचा धाकटा मुलगा, वाट्याला जमीन नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जो तो कपाशीला जमीन शोधू लागला. रान तोडेल त्याला कसायला मिळेल, असं कळल्यावर आबाजी एक बैलगाडी, बायको यमुना आणि दोन पोरं घेऊन निघाले. अण्णा सांगायचे तेव्हा आबाजींच्या हातात कुऱ्हाड असायची आणि समोर वाघ. यमुना गाडीत बसलेली असायची. ती गाडीतून खाली कधी उतरली, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी दगड चाकांच्या बॅगेत घालून अमरावती स्टँड गाठलं. यवतमाळला जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, बायकांना तिकीट अर्धं, अडीच-तीन तासांत पोचता. कंडक्टरने बॅग उचलायला हात घातला आणि तसाच काढून घेतला. ‘सोनं हाय का बाई याच्यात?’ म्हटलं, ‘आमचे खापरपणजोबा आहेत.’ त्याने मला परत काही विचारलं नाही. यवतमाळला स्टँडबाहेर तर्रीपोहे खा, पण तर्री आधी थोडीशीच घ्या. मी दोन पळ्या घेतल्या आणि कळंब येईपर्यंत पाणी पीत होते. राळेगावला साध्या लॉजवर मुक्काम केला. पंखा चालतो, खोली स्वच्छ, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

राळेगावहून पुढे गाडी करून जाणं बरं, कारण पळसडोहला दिवसातून एकच एसटी जाते. रफीकभाई नावाचे जीपवाले दीड हजारात जायला-यायला तयार झाले. गॅरेज त्यांचंच, त्यामुळे गाडी बंद पडली तर चिंता नाही, हे त्यांनी स्वतःच तीनदा सांगितलं. वैशाख असल्यामुळे पहाटेच निघालो. दोन्ही बाजूंना काळी नांगरलेली वावरं, बांधावर पळस, मग हळूहळू साग. शेवटचे चार किलोमीटर रस्ता नावालाच आहे.

आम्ही गावात शिरलो आणि दहा मिनिटांत आमच्या मागे वाटेवर कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं गेलं.

‘काय आहे हे?’ मी घ्यायला आलेल्या सरपंचांना विचारलं.

‘गावबांधणी, बाई. रोगराई शिवेबाहीर राहावी म्हणून कोलामाच्या नाईकबाबानं शीव फिरून गाव बांधलं. आता उद्या दिवस निघेपर्यंत ना कोणी बाहीर जात, ना कोणी आत येत.’

‘म्हणजे मी?’

‘तुम्ही आतच हाय ना.’

रफीकभाईंनी किल्ली खिशात टाकली. ‘मॅडम, आपण दोघंही बांधल्या गेलो. चला, चहा तं पिऊ.’ मी मनातून जाम भडकले होते. राळेगावहून दुपारच्या गाडीने अमरावतीला परतायचं माझं सगळं ठरलं होतं. पण रागावून जाणार कुठे?

दगड शिवेवर, गावच्या जुन्या दगडाशेजारी बसवायचा होता. सरपंच म्हणाले, शिवेला हात लावायचा तर नाईकबाबाच्या हातानेच, आणि तोही आजच्याच दिवशी. मग आम्ही दगड जीपमध्ये घालून पोडावर गेलो. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, गावापासून हाकेच्या अंतरावर, पण शिवेच्या आतच, अंगणं अशी सारवलेली की चप्पल काढूनच पाय टाकावा. नाईकबाबा, म्हणजे पोडाचे प्रमुख, ऐंशीच्या घरातले, काटक, डोळे मात्र अधू झालेले.

‘वाच बाई, काय लिवलं हाय,’ ते म्हणाले.

मी खणखणीत आवाजात वाचलं. ‘एकहाती जंगल तोडून...’

म्हातारबुवा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा त्यांची सून लचमाबाई पाणी घेऊन आली. ‘एकहाती? मंग दुसऱ्या हातानं काय करून राह्यला होता तुमचा आबाजी?’

अंगणातले सगळे हसले. माझे कान तापले. पण बाबा हसायचे थांबले आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

‘दोनदा पळून गेलता तो. कोणी सांगतलं नाही तुले? पयल्या साली ताप आला, लेकरू गेलं. दुसऱ्या साली बैल गेले. तिसऱ्या खेपेला तो गाडी जुपून बसला होता, वापस दारव्ह्याले जाले. त्याची बायको उतरली गाडीतून. एकटी पोडावर आली, आमच्या पणज्याच्या दारात बसली. म्हणे, आमचं गाव बांधून द्या, त्याशिवाय मी उठत नाही.’

पणज्याने गाव बांधून दिलं. कुठे पाणी लागेल, कोणतं रान तोडायचं आणि कोणत्याला हात लावायचा नाही, तेही दाखवलं. बदल्यात काही मागितलं नाही. यमुनानेच शब्द दिला की दर गावबांधणीला आमच्या घरची बाई गावविहिरीचं पाणी नाईकाच्या घरी भरेल. ती मरेपर्यंत भरत होती, तिच्या मागे तिची सून. मग माझे आजोबा नोकरीसाठी अमरावतीला गेले आणि ते पाणी बंद झालं.

‘मंग?’ मी विचारलं. माझ्याही तोंडून ‘मंग’च निघालं.

‘मंग काय? तुमी इसरले, आमी नाही इसरलो.’ लचमाबाईने ओसरीकडे बोट दाखवलं. जेवणाची पंगत मांडली जात होती. पळसाच्या पानांच्या पत्रावळी ओळीने, आणि टोकाला एक वेगळी. ‘ते यमुनामायच्या घरची. दर साली मांडतो. कोणी बसत नाही तिच्यावर.’

मला रडू आलं. इतकी वर्षं आमच्या घरात मूळपुरुषाची आरती चालली होती आणि इथे कोणी तरी आमच्या नावाचं पान मांडून वाट बघत होतं. अण्णांचा रागही आला. पंधरा वर्षं ते जुने कागद धुंडाळत राहिले, पण पोडावर येऊन एक प्रश्न विचारला नाही. माझ्यासारखेच.

‘दगड परत नेते बाबा,’ मी म्हटलं.

‘कायले नेतं? आबाजी आला नाही काय इथं? त्याचं नाव राहू दे. तेवढा एक शबद खोटा हाय.’

रफीकभाई जीपकडे गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन आले. ‘मी ठोकतो,’ ते म्हणाले. मी त्यांच्या हातून छन्नी घेतली. आयुष्यभर अक्षरं काढली, खोडायची पहिलीच वेळ. ग्रॅनाइट मऊ नसतो. चार अक्षरांना दीड तास लागला, बोटाचं साल निघालं, आणि ती जागा गुळगुळीत काही झाली नाही. तिथे काहीतरी होतं, हे लांबूनही दिसतं. तसंच दिसू दे.

मग मी गावविहिरीवर गेले. लचमाबाईने घागर दिली. गुडघे प्रत्येक पावलाला बोंबलत होते, रफीकभाई दोनदा पुढे झाले, दोनदा मी नाही म्हटलं. अर्ध्याहून जास्त पाणी माझ्या साडीवर सांडलं. उरलेलं नाईकाच्या रांजणात ओतलं तेव्हा बाबा उठले. त्यांनी दगड शिवेवर बसवला, आणि मी त्या टोकाच्या पत्रावळीवर बसून ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा खाल्ला. भाकर मी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तोरण सुटलं. रफीकभाईंनी मुक्कामाचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. कोणी जाणार असाल तर सरपंचांना आधी विचारा, उन्हाळ्यात पाणी सोबत ठेवा, आणि गावबांधणीच्या दिवशी परतीचं तिकीट काढू नका.

घरी आले तर दादा येऊन बसलेला. त्याला सगळं सांगितलं. तो भडकला. ‘अण्णांचा शब्द तू खोडलास? स्वतःच्या हाताने?’

‘हो. आणि पुढच्या वर्षी पाणी भरायला परत जाणार आहे. लेकीलाही रजा काढायला सांगितलंय.’

त्याने वाकून पलंगाखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. दगडाच्या आकाराची फरशी तेवढी स्वच्छ होती. मी चहाचे कप उचलायला गेले तेव्हा त्याने वर न बघता विचारलं,

‘पत्रावळ एकच मांडतात का गं?’