उंटाची पाठ आणि इतर चार खाचरं

माझी पत्नी टाकवे बुद्रुकच्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की ती कुणाच्या तरी ओट्यावर बसायची आणि गावातल्या भातखाचरांची नावं विचारून वहीत लिहायची. सटवाईचं खाचर, जांभळीची ओळ, मोडकं जू. सातबाऱ्यावर ही नावं नसतात. तिथे नुसते गट नंबर. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. वही माझ्याकडे राहिली.

मी चित्रकार. संग्रहालयं आणि वारसा जपणाऱ्या संस्थांसाठी लोकांना सोबत घेऊन कामं करतो, म्हणजे चित्रं लोक काढतात आणि मी रंगांची झाकणं उघडून देतो. लोणावळ्याच्या एका लहान संग्रहालयाने मावळावर काही करा म्हटलं, तेव्हा मी फारसा विचार न करता सांगून टाकलं की टाकव्याचा नकाशा करू, मोठ्या मांजरपाटावर, सगळ्या खाचरांच्या नावांसह, गावकऱ्यांच्या हातांनी. मनात एवढंच होतं की तिची वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्या कापडावर उतरावी.

पहिल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात कापड अंथरलं. नकाशा होणार असा निरोप मी आधी पाठवला होता, ती चूक झाली. माणसं सातबारे घेऊन आली.

"साहेब, माझा बांध दोन बोटं तिकडं सरकवून काढा," एक जण म्हणाला.

"दोन बोटं? कापडावरची दोन बोटं म्हंजी रानात अर्धा एकर," त्याचा शेजारी म्हणाला. "तेवढ्यात बंगला बसतोय मुंबईवाल्याचा."

बांध काढायचेच नाहीत, फक्त नावं लिहायची, असं मी कबूल केलं. अर्धी माणसं निराश होऊन घरी गेली. उरली ती कामाची होती.

मी वही उघडून वाचायला लागलो. ज्याचं खाचर त्याने यायचं आणि कापडावर बोट ठेवायचं. मी तिथे पेन्सिलीने नाव लिहायचो. संग्रहालयाच्या बाई बाजूला नोंदवही घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक नाव कुणी सांगितलं ते त्यांना लिहून हवं होतं. छान चाललं होतं. मग शेवटच्या पानावरची पाच नावं आली. उंटाची पाठ, मामाचा रुसवा, उलटी पगडी, वाण्याची झोप, चांदणपट्टा. कुणीच पुढे येईना. मागे कुणी तरी फिसकन हसलं. वहीत पाचही नावांपुढे सांगणारे म्हणून गावातल्या एकाच आबांची नोंद होती आणि ते आबा खांबाला टेकून छताकडे बघत होते.

"आबा," मी म्हणालो, "ही कुठली?"

"हायेत की. वढ्याच्या अंगाची."

"आबा, त्या खाचरांना कधी नाव होतं का?" बाईंनी विचारलं.

आबांनी टोपी काढली, परत घातली. "मास्तरीणबाई रोज यायच्या. म्हायती व्हती ती समदी नावं दिली. मग संपली. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? घरात भोपळा असता तर भोपळा दिला असता."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तिच्या शेवटच्या पानावर एका म्हाताऱ्याने चेष्टा लिहवून घेतली होती आणि ते पान मी दीड वर्ष उशाशी ठेवत होतो. बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की खोटी नावं संग्रहालयाला लावता येणार नाहीत. मी मान डोलावली आणि वही मिटायला लागलो.

"थांबा जरा," खताच्या दुकानाचे मालक म्हणाले. त्यांचं मुसलमान कुटुंब तीन पिढ्या गावात दुकान चालवतंय. "उंटाची पाठ खोटी कशी? उंटाच्या पाठीला दोन गोणी युरिया द्या म्हणून लोक माझ्याकडून नेतात. मामाच्या रुसव्यालाबी."

"आम्हाला पोरांनी शिकवलं, पर आबांची चेष्टा हाय म्हणून पुढं आलो न्हाई," एक शेतकरीण म्हणाली. "मास्तरीणबाईंनी शाळेत त्यांना आपापलं खाचर काढायला लावलं व्हतं. वहीतल्या नावासकट."

आबा एकदम ताठ बसले. "मंग?"

मग बरीच बोलाचाली झाली आणि गावानेच नियम केला की दोन वेगवेगळ्या घरांत जे नाव बोललं जातं, ते खरं. उंटाची पाठ आणि मामाचा रुसवा ही नावं पास झाली. संग्रहालयाच्या बाईंनी नोंदवहीत लिहिलं, "आबांनी रचलेली, शाळेतून गावात पसरलेली." अशी नोंद त्यांनी पूर्वी कधी केली नसावी, त्या ती दोनदा वाचून हसल्या. उरलेली तीन नावं आबांखेरीज कुणी बोलत नव्हतं.

"मी बोलतो की," आबा म्हणाले.

"दुसरं घर पाहिजे, आबा."

पुढच्या रविवारी रंग भरायचे होते. आबा सगळ्यांच्या आधी आले. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. दोघे वेगळे राहत होते आणि एका बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, हे गावाला ठाऊक होतं.

"सांग," आबा म्हणाले.

"वाण्याची झोप," भाऊ म्हणाला. "उलटी पगडी. आन् ते... चांदणपट्टा. आमच्या घरात असंच म्हणत्यात."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळपासून."

मला हसू आवरेना. पत्नी गेल्यापासून चारचौघांत मी इतका हसलो नव्हतो. दोघे भाऊ माझ्याकडे गंभीरपणे बघत राहिले, आणि मग धाकटा थोरल्याला म्हणाला, "पर चांदणपट्टा माझ्या हिश्शातलाय, आदुगरच सांगतो."

"तुझाच हाय. न्हाई कोण म्हणतंय?"

उंटाची पाठ पिवळ्या रंगात दुकानदारांनी रंगवली. त्या तीन खाचरांवर मी रंग दिला नाही. नावं तेवढी पेन्सिलीने लिहिली, ठळक, आणि बाईंना सांगितलं की ती नावं अजून बोलली जातात का, ते वर्षभराने परत विचारायला येऊ. धाकट्याने लगेच विचारलं की वर्षभर रोज म्हणावं लागेल का. आबा म्हणाले, म्हणू की, सांजच्याला दोघं बसून.