तेवीस नंबरचं पोटॅशियम

“बाई, पेशंट तुमच्या डाएटवर असूनही पोटॅशियम कमी होतंय, की तुमच्या डाएटवर आहे म्हणून कमी होतंय?”

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, रिपोर्ट माझ्या नाकासमोर धरला आणि अख्खा राउंड थांबला. दोन शिकाऊ हाउसमन डॉक्टर, एक सिस्टर आणि शेजारच्या बेडचे झाडून सगळे नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले. रिपोर्टवर आकडा होता २.८. आठवड्यापूर्वी तो ३.० होता. मधला आठवडाच नव्हे, अख्खा महिना पेशंट माझ्या हवाली होता.

मी त्या हॉस्पिटलची डाएटिशियन. सत्तरच्या दशकात नागपुरात हे पद फारसं कुणाला कळत नसे. माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे, “सूनबाई दवाखान्यात स्वयंपाकाचं बघते.” मला फार राग यायचा. होम सायन्सची डिग्री घेतलेल्या बाईने स्वयंपाकाचं बघायचं? मी पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली बसून चार्ट काढत असे. स्वयंपाकघर मागच्या अंगणात होतं आणि तिथे धूर होता.

तेवीस नंबरच्या बेडवर होता दौलत मेश्राम. वय बत्तीस, कोराडीच्या पॉवर स्टेशनला कोळशाच्या यार्डात नोकरी. लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता आणि जाताना हृदयाची एक झडप आवळून गेला होता. आता पाय सुजायचे, आडवं झालं की धाप लागायची. झडप मोकळी करायचं ऑपरेशन हाच उपाय होता. ते करणारे सर्जन मुंबईहून महिन्यातून एकदा यायचे. पुढची तारीख बारा दिवसांवर होती.

अडचण पोटॅशियमची होती. हा मिठाच्या भाऊबंदांपैकी एक क्षार. स्नायू हलतात ते त्याच्या जोरावर, आणि हृदय हाही स्नायूच. दौलतची सूज उतरवायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्या पाणी बाहेर काढतात आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून नेतात. ते फार घसरलं की हृदयाचे ठोके वाटेल तसे पडू लागतात. अशा पेशंटला भूल द्यायची म्हणजे विस्तवाशी खेळ.

“साडेतीनच्या वर नसेल तर सर्जन हात लावणार नाहीत,” साहेब म्हणाले. “आणि पुढच्या महिन्यापर्यंत हा थांबेल याची गॅरंटी मी देत नाही.”

हे त्यांनी दौलतच्या उशाशी उभं राहून सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, म्हणजे त्याला कळणार नाही अशी त्यांची समजूत. दौलतने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको शेवंताबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

पोटॅशियमचं पातळ औषध देऊन झालं होतं. त्याची चव इतकी वाईट की घोट पोटात जायचा आणि उलट्या पावली परत यायचा. तेव्हा उरलं जेवण, म्हणजे मी.

आता माझ्या चार्टची कुळकथा सांगते. साहेब विलायतेहून शिकून आले होते आणि येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आले होते. ‘पोटॅशियमयुक्त आहार’ या प्रकरणात अव्होकाडो, प्रून्स, ॲप्रिकॉट आणि भट्टीत भाजलेला बटाटा असा थाट होता. मी इमानदारीत यादी खरेदी विभागात पाठवली. तिथले बाबू म्हणाले, “मॅडम, इतवारी बाजारातून मी सोनं आणून देतो, हत्तीची अंबारी आणून देतो. हे अव्होकाडो म्हणजे जनावर आहे की भांडं, तेवढं सांगा.” मलाही नीट माहीत नव्हतं. शेवटी पालक, बटाटा, केळी आणि संत्री यांवर तडजोड झाली. पथ्याचं जेवण म्हणून भाजीच्या आधी मी ‘उकडलेली’ हा शब्द घातला. चार्ट टाइप झाला, साहेबांची सही झाली. कागदावर बेरीज केली तर दोन दौलत पोसले जातील एवढं पोटॅशियम होतं. तरी एकट्याचं घसरत होतं.

राउंड संपल्यावर मी प्रथमच पेशंटच्या जेवणाच्या वेळी वॉर्डात जाऊन बसले. संत्र्यांचा मोसम होता. कोराडीच्या बसमधून दौलतचे दोस्त रोज भेटायला येत आणि येताना संत्री आणत. बेडखाली संत्र्यांची टोपली भरलेली. शेवंताबाई एकेक सोलून पाहुण्यांच्या हातावर ठेवत होती.

“दौलतराव, तुम्ही का नाही खात?”

“थंडी होते जी बाई. खोकला येते. सिस्टरनंबी म्हटलं, आंबट नोका खाऊ.”

“आणि दुपारची केळी?”

“थेबी थंडच. पाहुण्याले देल्ली. खाली हातानं कसं वापस धाडाव मानसाले?”

म्हणजे माझ्या चार्टवर कोराडीचं अर्धं कोळसा यार्ड तंदुरुस्त होत होतं. सिस्टरशी मी भांडले, दौलतला समजावलं, पाहुण्यांना हात जोडले. एका दोस्ताने तोंडातली फोडसुद्धा ओशाळून बाहेर काढली. दोन दिवस मी समोर बसून फळं खायला लावली. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. २.९.

“वा!” साहेब म्हणाले. “या वेगाने सर्जन रिटायर होतील.”

आठ दिवस उरले होते. मग मात्र मी पदर खोचला आणि मागच्या अंगणात गेले, तेही भर स्वयंपाकाच्या वेळी. एरवी मी तिथे जायची ती दुपारी तीनला, रजिस्टरवर सही करायला. तेव्हा भांडीसुद्धा झोपलेली असत.

आमचे आचारी रामदीन महाराज. दोनशे माणसांचा स्वयंपाक ते तीन चुलींवर काढत. एका गंजात सोललेले, बारीक चिरलेले बटाटे खळाखळा उकळत होते, दुसऱ्यात पालक. महाराजांनी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. मग दोघा माणसांनी गंज धरून वाकडा केला आणि ते हिरवंगार पाणी जाळीतून धो धो मोरीत गेलं. मागे उरला हिरवा चोथा. तो तेवीस नंबरकडे निघाला.

पोटॅशियम पाण्यात विरघळतं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळली की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की तेही गेलं. हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

“महाराज, पाणी का फेकता?”

महाराजांनी भिंतीवर खिळ्याला लावलेला माझा चार्ट दाखवला. “तुमीच लिवलं ना मॅडम, उकडलेली. मंग पान्यात उकडाव का हवेत?”

“पण सगळंच पाणी फेकता?”

“सगळं काहून फेकीन? वरचं चांगलं पानी गाळून घेतो. मिरी, मस्का टाकतो. मोठ्या सायबाले अकरा वाजता सूप जाते नं.”

मी तिथल्या पाटावर बसले. साहेब रोज अकरा वाजता व्हेजिटेबल क्लिअर सूप घ्यायचे. विलायतेची सवय. त्यांच्या तब्येतीचं सगळ्या स्टाफला कौतुक होतं. पन्नाशी उलटली तरी जिने धडाधड चढायचे, आणि का नाही चढणार? दोनशे पेशंटांच्या भाजीचा अर्क त्या वाडग्यात जात होता. मला हसू आलं आणि लगेच भिंतीकडे तोंड केलेला दौलत आठवला. त्या माणसाला मी महिनाभर चोथा खाऊ घातला होता. माझ्या चार्टने.

“उद्यापासून पाणी फेकायचं नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, एकट्यासाठी येगळी चूल नाही, दोनशे लोकायची भाजी हाये. अंगच्या पान्यात शिजवाची तं हलवत बसा लागते. खाली लागली तं बोलनं कोन खाईन?”

मुद्दा बरोबर होता आणि माझ्या पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. वॉर्डात परत आले. शेवंताबाईला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने कपाळाला हात लावला.

“भाजीचं पानी फेकून देतेत? बाप्पा! आमच्याइथं तं पान्यासाठीच भाजी करतेत जी. डाळ टाकाची, पालक टाकाचा, एकाच गंजात. लसनाची फोडनी देल्ली का झालं. डाळभाजी. फेकाले उरतेच काय त्यात?”

डाळभाजी! विदर्भात ज्या घरी चूल आहे त्या घरी डाळभाजी आहे. माझ्या घरी आठवड्यातून तीनदा होत होती. डाळीत पोटॅशियम, पालकात पोटॅशियम, आणि पातळ पदार्थ असल्यामुळे एक थेंब बाहेर जायचा नाही. दौलतला मीठ बंद होतं, पण लसूण, मिरची आणि लिंबावर ते भागणार होतं. बटाटाही आता सालासकट त्यातच पडणार होता. महाराजांना विचारलं तर ते म्हणाले, “दोनशे का, पाचशेची करून देतो.”

राहिली साहेबांची सही. ‘डाळभाजी’ लिहिलेला कागद त्यांनी दोन बोटांत उचलला.

“बाई, हे हॉस्पिटल आहे, खानावळ नाही. हे पुस्तकात कुठे आहे?”

मी कागद परत घेतला. टायपिस्टकडे गेले आणि नवा चार्ट टाइप करून आणला, इंग्रजीत. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘लेग्यूम-स्पिनॅच प्युरे विथ गार्लिक’.

“गुड,” साहेब म्हणाले. “फ्रेंच?”

“तिकडचंच काहीतरी, सर.”

सही झाली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बोलावणं आलं. “माझं सूप कुठे आहे?”

इथे खोटं बोलता आलं असतं. ओलं सरपण, भाजीचा तुटवडा, काहीही. पण चार दिवस साचलेला राग होता, आणि त्यातला निम्मा तरी माझ्यावरचा होता. मी म्हटलं, “सर, ते सूप तेवीस नंबरचं पोटॅशियम होतं. आजपासून ते तेवीस नंबरच पितोय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, “चहा पाठवायला सांगा.” माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला स्वयंपाकघर कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून मी जात नव्हते. दोघांत जास्त दोषी कोण, ते सांगायला नको.

दौलत पहिल्या दिवशी दोन वाट्या डाळभाजी जेवला. महिनाभरात त्याने आपणहून मागून घेतलेलं ते पहिलं जेवण. त्या राउंडपासून नवव्या दिवशी रिपोर्ट ३.३ आला. अकराव्या दिवशी मी सकाळपासून लॅबच्या दारात उभी होते. टेक्निशियनने शेवटी कंटाळून आकडा तोंडीच सांगितला, ३.७. मी तिथेच रडले. टेक्निशियनला वाटलं, पेशंट गेला.

सर्जन आले, ऑपरेशन झालं, झडप मोकळी झाली. दौलत तीन आठवड्यांनी पायी चालत वॉर्डाबाहेर आला. डॉक्टरांच्या एका बैठकीत साहेबांनी या केसवर भाषण केलं. लेग्यूम-स्पिनॅच प्युरेचा त्यात चार वेळा उल्लेख होता. दोन डॉक्टरांनी नंतर माझ्याकडे रेसिपी मागितली.

इथे वाचकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि शिजवताना सुटलेलं पाणी फेकू नका. पण ज्यांचं मूत्रपिंड बिघडलंय त्यांनी हे ऐकू नये, त्यांना पोटॅशियम जास्त झालं तरी जिवावर बेतू शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी रामदीन महाराजांची जुनी पद्धतच चांगली.

डिस्चार्जच्या दिवशी शेवंताबाई निरोप घ्यायला माझ्या खोलीत आली. “जय भीम, बाई.” मी तिला घरी पाळायचा चार्ट दिला. तिने तो उलटा-सुलटा केला.

“काय लिवलं जी यात?”

“डाळभाजी.”

ती हसली नाही. कागदाची नीट घडी घालून कमरेला खोचत म्हणाली, “बाई, एक बोलू? राग नोका मानू. मी पहिल्या दिवसापासून डबा आनत होतो. कोराडीहून बसनं. गेटवर शिपाई म्हने, फळं चालतेत, बाहेरचं जेवन बंद हाये, बाईचा आर्डर हाये. मी थो डबा रोज गेटबाहेर बसून एकटीच खात होतो. डाळभाजीच राहे त्यात.”

ऑर्डर माझीच होती. टाइप केलेली, साहेबांच्या सहीची. “चुकलं माझं,” एवढंच म्हटलं. ती म्हणाली, “जाऊ द्या. मानूस उभा झाला नं.” आणि बस चुकेल म्हणून निघाली.

पुढे पंचवीस वर्षं मी चार्ट काढले. पण पेन उचलण्याआधी पेशंटच्या बायकोला, आईला किंवा खुद्द पेशंटला विचारायचं, घरी काय शिजतं? बहुतेक वेळा निम्मा चार्ट तिथेच मिळतो. उरलेला निम्मा इंग्रजीत टाइप केला की सही होते.