कापसाची खाज

ती घटना आजही मनातून जात नाही. गेल्या महिन्यात क्रीडा संकुलाचा तो चौकीदार वारला, तेव्हापासून तर नाहीच.

त्या वर्षी राज्याने एक मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवायला घेतली होती. सामने दूरच्या शहरात होते. पण खेळाडू तयार व्हावेत म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या क्रीडा संकुलालाही कुस्तीच्या मॅट मंजूर झाल्या. हा खर्च तपासायला विधिमंडळाची समिती येणार, असा निरोप आला आणि लगेच संकुलाचा व्यवस्थापक माझ्या पोलीस ठाण्यात हजर झाला. हॉलमधल्या सगळ्या मॅट चोरीला गेल्याची त्याची फिर्याद होती. मी गुन्हा नोंदवला. संध्याकाळी आमच्या खबऱ्याने सांगितलं, "साहेब, चौकीदाराच्या दारात टेम्पो लागलता."

चौकीदाराला ताब्यात घेतलं.

"टेम्पो कशाचा होता?"

"पुतणीचं लगन हाये साहेब. मांडववाल्याचा होता, त्याले विचारा."

"आणि मॅट?"

"हॉलात काय होतं ते तुमीच जाऊन पाहा. माह्या तोंडून नोको."

खोटं बोलणारा भरपूर बोलतो. हा प्रश्नापुरतंच बोलत होता. तरी मी त्याला कोठडीत ठेवलं.

पंचनाम्याला गेलो तर हॉल धुऊन लख्ख केलेला. मापं घेता घेता आमचे हवालदार पिंडऱ्या खाजवू लागले. मग पंच. मग मी.

"साहेब, घरात कापूस भरला का आमची मंडळी अशीच बोंबलते," हवालदार हसत म्हणाले.

भाव पडलेल्या त्या वर्षांत घराघरात कापूस अडून होता, आणि साठवलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी सुटणारी खाज जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नसे. व्यवस्थापकाला समोर बसवलं. तो आधी चिडला, मग त्याने पाणी मागितलं. हॉल हंगामभर एका वजनदार व्यापाऱ्याच्या कापसाने भरलेला होता. मॅट आल्याच नव्हत्या. बिल मात्र निघालं होतं. समितीने विचारलं तर 'चोरी झाली, तपास चालू आहे' एवढं उत्तर तयार हवं होतं.

चौकीदाराला मी सोडून दिलं. समितीची बैठक त्याच हॉलमध्ये झाली. मी सगळं सांगितलं. टेबलाखाली सदस्यांचे हात पायांकडे जात होते.

"ठाणेदार साहेब, खाज तं आमालेही सुटून राह्यली," अध्यक्ष म्हणाले. "पण प्रकरण तपासावर हाये ना? मंग अंतिम अहवाल येऊ द्या." सगळे जेवायला उठले.

अंतिम अहवाल म्हणून मी 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्यादच खोटी. ती वरून परत आली: 'अ' समरी करा. म्हणजे चोरी खरी, चोर सापडला नाही. मी सही केली.

पुढे चौकीदार बाजारात भेटायचा. "जय भीम साहेब. सापडला का चोर? नाही, तोवर पोट्टे मलेच चोर म्हणून राह्यले." तो हसायचा. मला हसता येत नसे.

सरकारला जाब विचारणारे येतात आणि जातात. उत्तर म्हणून पुढे केलेला माणूस मात्र गावातच राहतो, हे मला त्या सहीनंतर कळलं.

त्याच्या मयतीला गेलो होतो. रस्त्यावर मोटरसायकल थांबवून एकाने विचारलं, "कोन गेलं हो?"

"तो नाही का," दुसरा म्हणाला, "मॅटचोर."