तिसऱ्या पिढीसाठी हळू आवाज

स्वतःच्या एकाही दोषाला आपण स्वतः जबाबदार नाही, हे माझ्या मामासासऱ्यांइतके शास्त्रशुद्ध सिद्ध करणारा माणूस साऱ्या इंदुरात नसावा. इंदूरशेजारच्या राऊ गावातल्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. त्यांच्या मते आपली जनुके म्हणजे एक जाडजूड ग्रंथ. त्यातली अक्षरे बदलत नाहीत, पण पूर्वजांनी भोगलेली भूक आणि भीती पानापानांवर चिठ्ठ्या चिकटवून जाते: हे वाचा, ते मिटूनच ठेवा. माणसांत अशा किती चिठ्ठ्या पुढच्या पिढीपर्यंत टिकतात याविषयी शास्त्रज्ञ अजून जपून बोलतात, असे मी एकदा चाचरत सुचवले. "जावईबापू, हा भित्रेपणासुद्धा तुमच्या आजोबांचाच!" ते गरजले. मामा चार मिनिटांत जेवण उरकतात, कारण त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते. मामा गरजतात त्याचेही कारण तेच. पोह्यांवरच्या मूठभर शेवेबद्दल मात्र ते म्हणतात, "ती चिठ्ठी नव्हे, ते इंदूर."

त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आणि हा आवाज एकाएकी बसला. दार आपटले की ती लहानपणापासून दचकते. हे आपल्याच ओरडण्याचे फळ, आणि आता ते बाळापर्यंत पोचणार, या धास्तीने मामा घरभर कुजबुजू लागले. कुकरच्या शिट्टीवर बंदी आली. वरण पातेल्यात शिजू लागले. सकाळी गाणे वाजवत येणारी कचरागाडी त्यांनी फाटकाशीच अडवली. "भिया, जरा धीरे. अंदर तीसरी पीढ़ी सुन रही है."

"बाऊजी," चालक म्हणाला, "धीरे बजाऊँ तो पहली पीढ़ी की नींद नी खुलती!"

लेकच अखेर घाबरली. "बाबा, मतलब, तुमची तबियत बरी आहे ना? एकदा तरी ओरडा ना यार!" मामांनी तोंडावर बोट ठेवले.

एका दुपारी आम्ही चहा घेत असताना स्वयंपाकघरात परात कोसळली. मामा पांढरेफटक पडले आणि उठून लेकीकडे धावले. तिने त्यांचा हात आपल्या पोटावर ठेवला. "बघा, हे तर एकदम आरामात आहे. दचकले तर तुम्ही!"

मामांनी हात काढला नाही. एरवी एवढ्यात एखादा पूर्वज साक्षीला आला असता. या वेळी कोणी आले नाही. त्यांनी विचारले, "तू लहान असताना मी फार ओरडायचो का गं?"

"हो ना, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात तिने तसाच धरून ठेवला.