गाडीत वाजलेली सीडी
जुन्या रेकॉर्डच्या कव्हरांचा दमट वास आला की मला पनवेलजवळचं, करंजाडेतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आठवतं. बाबा उरणला बंदरात नोकरीला होते आणि परदेशी खलाशांकडून घेतलेल्या जॅझच्या रेकॉर्ड त्यांनी आयुष्यभर जपल्या होत्या. अर्धांगवायू झाल्यापासून मात्र ते खोलीतच अडकले होते, कारण इमारतीची लिफ्ट कधी सुरूच झाली नव्हती. त्यांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड घर बदलताना फुटली, म्हणून मी तीच सीडीवर मागवली. घरात सीडी वाजवायला फक्त कॉम्प्युटर होता, आणि कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने सीडीतच घातलेल्या डिजिटल कुलपामुळे त्यावर ती वाजेचना. "विकत घेतलीय ना आपण? मग कुलूप आपल्यालाच कशाला?" बाबा म्हणाले. शेवटी ती खाली माझ्या गाडीत वाजली. मी वर येऊन सांगितलं, तेव्हा ते खिडकीतून खाली गाडी शोधू लागले. आमचं बोलणं ऐकून आलेले शेजारचे काका म्हणाले, "खुर्चीत बसवा त्यांना. आमी हाय ना." काका आणि त्यांच्या भावाने बाबांना खुर्चीसकट उचललं. जिन्याच्या वळणांवर खुर्ची भिंतीला घासत होती आणि बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. गाडीत ट्रम्पेट सुरू झाला, तसा त्यांचा चांगला हात गुडघ्यावर ताल धरू लागला. सीडी संपल्यावर काका त्यांना वर न्यायला गाडीच्या दाराशी आले, तर बाबा हलकेच म्हणाले, "परत लाव." मी लावली, संपल्यावर पुन्हा लावली. तेव्हा वाटलं, त्यांचं मन भरत नाहीये. आता माझेच गुडघे धरून जिना अवघड झाल्यापासून कळतं, त्यांना एवढ्यात वर जायचं नव्हतं.