आमसुलाने पाडलेला दात

धाकट्या भावाचा ठोसा बसला तेव्हा रक्ताच्या आधी माझ्या तोंडात आमसुलाची चव होती. कासू गावच्या आमच्या शेतावर आम्ही भांडत होतो. बांध हातभर सरकला होता, तो कुणी सरकवला यावरून. काठी आधी मी उचलली, हे मी तेव्हा कुणाला सांगत नव्हतो. ती त्याच्या भुवईवर बसली, डोळ्यात रक्त उतरलं आणि त्याने न बघताच ठोसा हाणला. तो मात्र नेमका लागला. मी चिखलात बसलो आणि पांढरा तुकडा तळहातावर थुंकला.

दात पाडणं हा मोठा गुन्हा, असं रोह्यात पोलीस ठाण्यावर कळलं. फक्त डॉक्टरांचा कागद हवा. भाऊ कंपनीत कायम होण्याच्या बेतात होता. केस झाली तर तो घरी बसणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच दुसऱ्या सकाळी मी रक्ताने माखलेला शर्ट तसाच घालून पेणची गाडी पकडली. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मला उगाच मोठेपणा वाटला.

पेणला दातांचे डॉक्टर होते, त्यांनीच पूर्वी माझा कबड्डीत अर्धा तुटलेला पुढचा दात पांढरं सिमेंट भरून, निळा दिवा दाखवून पुरा केला होता. आंबट तोंडात धरू नका, असं बजावलंही होतं. मी कुठे धरत होतो? कामावर शिफ्टभर आमसूल गालात नुसतं ठेवत होतो.

त्यांनी तुकडा भिंगाखाली धरून सुईने खरवडला.

"तुमचा दात आहे तिथेच आहे. पडलंय ते माझं सिमेंट. आंबटाने मऊ झालं, त्यातले काचेचे बारीक कण सुटत गेले. ठोसा नसता तर भाकरीने पडलं असतं."

ओठ सुजलाय एवढं लिहून देतो म्हणाले. मी कागद न घेताच उठलो.

घरी ओटीवर भाऊ बसला होता, भुवईला चार टाके.

"दादा, कागद भेटला?"

घेतलाच नाही, दात आमसुलाने गेला म्हणतात, असं मी सांगितलं.

तो हसला नाही. भुवईवरच्या पट्टीला बोट लावून म्हणाला, "आनि ही? ही पन आमसुलानंच फुटली काय?"

"काठीनं," मी म्हटलं. सुजलेल्या ओठातून त्याला ते नीट ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.